लाभ, दोन, तीन

आठवडी बाजारात हौसाबाई मापाने माझ्या पिशवीत ज्वारी ओतत होत्या. "लाभ, दोन, तीन..." पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायची ही जुनी रीत. सोबत आमचे तत्त्वज्ञानाचे सर होते. संख्या म्हणजे क्रमातली नुसती जागा, एवढंच सिद्ध करण्यात त्यांची उभी हयात गेली. बाहेरच्या विद्वानांशी ते त्यावर कडाडून भांडले, गावात मात्र "याचा उपयोग काय?" एवढंच ऐकत आले.

सरांनी मुद्दाम विचारलं, "बाई, एक कुठं गेला?"

"जातोय कुठं? दोनाच्या आधी हायच की. नाव काय बी ठेवा!"

सर माझ्याकडे वळले. म्हणाले, "माझा अख्खा प्रबंध बोलल्या या."

मला त्यात सरांची हार दिसली नाही. हातांना कधीचं ठाऊक असलेलं शब्दांत पकडायला कुणीतरी आयुष्य घालावंच लागतं.

घरी येऊन मीही 'लाभ'पासून मोजत ज्वारी डब्यात ओतली. तोंडून एकदाही 'एक' निघाला नाही. डबा मात्र काठोकाठ भरला.