बँकॉकची कोंबडी आणि न्हाणीघरातला रस्सा

आमच्या घरात तोंड उघडायची परवानगी रश्श्यानंतर मिळायची. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, सोनगीरजवळच्या गावी राहायचे. घरातला कोणताही मोठा विषय, मग बैल विकायचा असो की पुतणीचं लग्न ठरवायचं असो, त्यांच्यापुढे ठेवायचा तो कोंबडीचं जेवण झाल्यावरच. दोन भाकरी ताटात बारीक कुसकरायच्या, मधे आळं करायचं, त्यात काळ्या मसाल्याचा रस्सा ओतून घ्यायचा, आणि सगळं संपलं की एक वाटी नुसता रस्सा प्यायचा. मग मिशा पुसून ते म्हणायचे, "बोला." ते म्हटल्यापासून हात धुवायला उठेपर्यंत जेवढी मिनिटं सापडतील तेवढ्यात काय ते मागून घ्यायचं. एकदा हात धुतले की विषय पुढच्या कोंबडीपर्यंत बंद.

हा रस्सा आबा स्वतः करायचे. सासूबाईंच्या, म्हणजे अक्कांच्या, गळ्यात तुळशीची माळ होती. त्यामुळे कोंबडीचं भगुनं गोठ्यात टांगलेलं असायचं आणि चूल अंगणात तीन दगडांची. त्या भगुन्याला घरातल्या बाईनं हात लावायचा नाही, असा नियम होता. बाईनं मसाला वाटून द्यायचा, भाकरी थापायच्या, आणि पुरुष उठले की तळाला उरलं असेल ते खायचं. खाण्याला नियमाची हरकत नव्हती, करण्यालाच होती. माझं माहेर जळगावचं. तिथे माझी आई असा रस्सा करायची की वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. पण सासरी येऊन सात वर्षं झाली तरी मी डावालासुद्धा हात लावलेला नव्हता.

साठचं दशक संपून सत्तरचं लागलं त्या सुमाराची ही गोष्ट. आमचे हे धुळ्याला शेतकी खात्यात होते. दोन खोल्या, मागे परसू, कोपऱ्यात न्हाणीघर, असा आमचा संसार. मी लग्नाआधी बी. ए. झाले होते आणि ती पदवी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत सुखात होती. त्या हिवाळ्यात मुलींच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावलं. मराठी शिकवायला जागा रिकामी झाली होती. सोमवारी सकाळी होय की नाही सांगा, म्हणाल्या, नाहीतर दुसरी बाई तयार आहे. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की रस्त्यात शाळेची घंटा ऐकली तरी माझी पावलं अडायची.

यांना सांगितलं. हे तसे पुढारलेले. म्हणाले, माझी काहीच हरकत नाही, आबांना विचारलं पाहिजे इतकंच. रविवारी आबा आणि अक्का येणारच होते. "रस्सा झाला की मी विषय काढतो. तू मधे बोलू नकोस," असं यांनी मला बजावलं. मी मान डोलावली. सात वर्षांत मला तेवढं उत्तम जमायला लागलं होतं.

अडचण एकच होती. हे नुकतेच बँकॉकहून परत आले होते. खात्यानं यांना सहा आठवड्यांच्या शिक्षणाला पाठवलं होतं, कापसावरच्या किडीसाठी. किडीबद्दल हे परतल्यावर एक अक्षर बोलले नाहीत. बोलले ते तिथल्या कोंबडीबद्दल. रस्त्याच्या कडेला निखाऱ्यावर भाजतात, बांबूच्या चिमट्यात धरून, सोबत आंबटगोड तिखट पाणी आणि चिकट भात. ऑफिसात सांगून झालं, शेजाऱ्यांना सांगून झालं, कटिंगला गेले तेव्हा न्हाव्यालाही सांगून आले. चिकट भाताचं तर मला फारच नवल वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदा माझा भात गिचका झाला तेव्हा याच गृहस्थांनी दोन दिवस तोंड पाडलं होतं. तीच गोष्ट विमानातून आली म्हणून कला झाली.

शनिवारी यांनी जाहीर केलं की उद्या आबांना बँकॉकची कोंबडी खिलवायची. मी विचारलं, "आणि रस्सा?"

"त्यांच्यात रस्सा नसतो," हे म्हणाले, आणि पिशवी घेऊन बाजारात गेले.

रस्सा नाही म्हणजे "बोला" नाही, आणि "बोला" नाही म्हणजे नोकरी नाही. एवढा सोपा हिशोब त्या कीडतज्ज्ञाच्या डोक्यात कसा शिरत नव्हता, ते मला आजही कळलेलं नाही. पण मधे बोलायचं नाही असं ठरलं होतं ना.

बाजारात यांनी जो गोंधळ घातला तो मला नंतर आठवडाभर ठिकठिकाणी ऐकायला मिळाला. भाजीवालीकडून कोथिंबिरीच्या चार जुड्या घेतल्या, मुळं तेवढी तोडून घेतली आणि पाला तिला परत केला. कुठल्या वैदूनं सांगितलं का, असं तिनं फार मायेनं विचारलं. मग हे बुरुडाकडे बांबूच्या कामट्या आणि सुतळी मागायला गेले. बुरुडानं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि हळू आवाजात घरी कोण गेलं म्हणून चौकशी केली. पांढरी मिरी धुळ्यात कुठेच मिळाली नाही, तेव्हा काळी घेतली. तिची यांना रात्रभर रुखरुख.

रविवारी सकाळी आबा-अक्का एस.टी.नं येऊन पोचले आणि परसात स्वयंपाक सुरू झाला. म्हणजे यांनी सूचना सुरू केल्या. लसूण, मिरी, कोथिंबिरीची मुळं, हळद, गवती चहा, थोडा गूळ, हे सगळं खलबत्त्यात कुटायचं. कुटायचं मी. भांड्याला हात लावायचा नाही हा नियम खलबत्त्यापर्यंत कधीच येत नसे. मग यांनी बँकॉकहून बनियनमध्ये गुंडाळून आणलेली बाटली उघडली. त्यात माशाचं खारवलेलं पाणी होतं. अक्का पुढच्या खोलीत जप करत बसल्या होत्या. त्या उठल्या आणि पेटीमागे उंदीर मेलाय का ते वाकून वाकून पाहू लागल्या.

दोन गावरान कोंबड्या यांनी पोटाकडून चिरून पुस्तकासारख्या उघडल्या, मसाला चोळला, कामट्यांच्या चिमट्यात धरून सुतळीनं बांधल्या आणि लोणारी कोळशाच्या निखाऱ्यावर आडव्या ठेवल्या. माना, पाय, पोटे, काळीज, हे सगळं "याचं काम नाही" म्हणून पाटीत टाकलं. पाटी बाहेर फेकून यायला मला सांगितलं. आबा उन्हात बाजेवर बसून हे सगळं पाहत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी एवढंच विचारलं, "भरीत करी ऱ्हायना का?"

यांनी त्यांना मंद आचेचं महत्त्व समजावून सांगायला सुरुवात केली. मी पाटी उचलली आणि दाराबाहेर न जाता न्हाणीघरात शिरले. दाराला कडी लावली. रॉकेलचा स्टोव्ह मी सकाळीच अंघोळीच्या पाण्याचं निमित्त करून आत नेऊन ठेवला होता. कांदा-खोबरं आदल्या दिवशी भाजून ठेवलेलं होतं, ते आणि आईनं जळगावहून पाठवलेला काळा मसाला पदराखालून आधीच आत नेला होता. आबा आले की लागायचं म्हणून आमच्याकडेही कोंबडीचं एक भगुनं परसात खुंटीला असायचं, ते उतरवून आत आणताना मी दोनदा मागे वळून पाहिलं होतं, हे कबूल करते. विटाळाच्या भीतीनं नाही. कोणी पाहिलं तर सोमवार गेला, या भीतीनं.

बंबाशेजारी पाटावर बसून मी रस्सा शिजवला. स्टोव्हच्या आवाजानं उकळीचा आवाज झाकला, आणि मसाल्याचा वास त्या माशाच्या बाटलीपुढे काय टिकणार होता? यांनी एकदा दार वाजवून, अजून किती वेळ, म्हणून विचारलं. डोकं धुतेय, असं मी आतून ओरडले. गावरान कोंबडीच्या माना शिजायला लागतात तितका वेळ मी डोकं धुतलं. तेवढा वेळ परसातल्या कोंबड्यांनाही लागलाच, कारण त्या आमच्या धुळ्याच्या होत्या आणि त्यांना बँकॉकचं वेळापत्रक माहीत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा पानं मांडली. यांनी आबांच्या ताटात अर्धी कोंबडी कामट्यांसकट ठेवली, बाजूला चिकट भाताचा गोळा, आणि वाटीत चिंच, गूळ, मिरची आणि ते माशाचं पाणी यांचं तोंडीलावणं. आबांनी त्यातल्या कशाकडेही पाहिलं नाही. नेहमीसारख्या दोन भाकरी मागून घेतल्या, सावकाश कुसकरल्या, मधे आळं केलं, आणि हात आवरून बसले.

"रस्सा येऊ दे मंग," ते म्हणाले.

हे हसले. वाटी पुढे सरकवून म्हणाले, यात बुडवून खायचं. आबांनी ती वाटी उचलली आणि सबंध आळ्यात ओतली. पहिला घास घेतला. तो गिळायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात हे खुलासा करत राहिले. तिथल्या कोंबड्या कोवळ्या असतात, मिरी पांढरी असती तर फरक पडला असता, वगैरे. आबांनी ताट बाजूला सरकवलं. ते हात धुवायला उठणार, एवढं मला दिसलं.

मी न्हाणीघरात गेले आणि भगुनं घेऊन आले. कोरड्या केसांनी. अक्कांनी एकदा भगुन्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी दुसरं ताट ठेवलं, भाकरी ठेवल्या. आबांनी पुन्हा कुसकरल्या, पुन्हा आळं केलं. मी रस्सा वाढला. ते जेवले. शेवटची वाटी प्यायले. मिशा पुसल्या.

"बोला."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी घसा खाकरला. आणि म्हणाले, "आबा, खरं तर ती कोंबडी अजून थोडा वेळ मुरायला हवी होती."

त्या क्षणी मला यांचा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता, नंतरही नाही. आबांनी पाट मागे सारला. मग मीच बोलले, हातात डाव तसाच होता. शाळेचं सांगितलं, जागेचं सांगितलं, उद्या सकाळी होय की नाही कळवायचंय हेही सांगितलं. एका दमात.

आबा रिकाम्या वाटीकडे पाहत होते. "हाऊ रस्सा कोनी कया?"

"मी."

त्यांनी वाटी ताटात पालथी ठेवली. मग उठता उठता म्हणाले, "नोकरी कर. पन आईतवारले रस्सा तूच करशी."

असा माझा नोकरीचा मार्ग मोकळा झाला. पदवी कोणी विचारली नाही. भगुन्याचा नियम त्या दिवशी मोडला, आणि मोडल्याबरोबर उलट्या अंगानं नवा तयार झाला. त्या भगुन्याला पुढे कुठल्याच पुरुषानं हात लावला नाही. आठवड्याचे सहा दिवस मी शाळेत शिकवलं आणि सातव्या दिवशी रस्सा ढवळला, आबा होते तोवर त्यांच्यासाठी आणि नंतर सवयीनं. निवृत्त झाले ते फक्त शाळेतून.

आमचे हे मात्र ती गोष्ट त्यांच्या पद्धतीनं सांगतात. पाहुणे आले की हटकून सांगतात. "आबांचं मन वळवायला मी खास बँकॉकची कोंबडी केली, म्हणून हिला नोकरी लागली." मी चहाचे कप गोळा करत ऐकते.

एक मात्र त्यांना माहीत नाही. त्या सोमवारी पहाटे, शाळेत होय सांगायला जाण्याआधी, मी परसात गेले. निखारे विझले होते, आणि टोपलीखाली ती नाकारलेली कोंबडी तशीच होती. मी एक तंगडी तोडली आणि थंडीत उभ्यानं खाल्ली. रात्रभर मुरली होती. लसूण, धूर, मिरी, आणि मागून हळूच येणारा गवती चहा. इतकं चवदार काही मी त्याआधी खाल्लं नव्हतं. दुसरी तंगडीही खाल्ली, बोटं चाटली, हाडं राखेत पुरली आणि शाळेत गेले.

कोंबडी कशी झाली होती, असं हे अजूनही कधीमधी विचारतात. मी सांगते की आठवत नाही.