चिंच गोड करणारी बरणी

मल्लू गेल्याची बातमी घेऊन त्याच्या बायकोचा, नीलाचा भाऊ शाळेत आला, तेव्हा मी तिसरीच्या मुलींना पाढे म्हणायला लावून खिडकीशी उभी होते. त्या खिडकीतून गिरण्यांच्या उंच धुराड्यांपलीकडे, अक्कलकोटच्या रस्त्याला असलेल्या मल्लूच्या भट्टीचं बुटकं धुराडं दिसतं. बरेच दिवस त्यातून धूर निघत नव्हता. मी रोज एकदा तिकडे बघायची आणि "अजून नाही" एवढं मनाशी म्हणून वर्गाकडे वळायची. त्या दिवशी फाटकाशी नीलाचा भाऊ चपला काढून उभा असलेला दिसला. शाळेत शिरताना चपला काढायचं काही कारण नव्हतं, मला तेव्हाच कळलं. "अक्का, अण्णा गेले," तो म्हणाला, आणि मग उगाच पुढं म्हणाला, "पोटात कळ आल्ती, एवढंच की." ... मुलींचे पाढे चालूच होते, आणि त्यांना थांबवायचं मला सुचलं नाही.

मल्लिकार्जुन माझा मावसभाऊ. घरचं नवी पेठेत कापडाचं दुकान, थोरले भाऊ गादीवर बसलेले, त्यामुळे धाकट्यानं चित्रकलेचा मास्तर व्हायला मुंबईला जावं याला कुणाची हरकत नव्हती. तो परत आला तो मात्र मातीचं काम शिकून. त्याच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. "गाडगी घडवायला मुंबई कशाला पायजे? हितला कुंभारवाडा काय ओस पडलाय?" मल्लू नुसता हसला. त्याला गाडगी करायची नव्हती. त्याला बरण्या करायच्या होत्या, आपल्या मातीच्या, आतून-बाहेरून काचेसारखी झिलई असलेल्या. चिनी मातीच्या बरण्या बाहेरून यायच्या, आणि ज्याच्या घरी असतील त्याच्या घरी त्या देवासारख्या उंच फळीवर बसायच्या. "लोणचं घालायला आपल्या बायकांनी परक्याच्या तोंडाकडं का बघायचं, अक्का?" असं त्याचं म्हणणं. त्या दिवसांत वारंच स्वदेशीचं होतं, आणि मल्लूला वारं जरा लवकरच लागायचं.

झिलईसाठी त्यानं शेंदूर घेतला. शेंदूर म्हणजे दुसरं काही नाही, भाजलेलं शिसं. गारगोटीच्या पुडीबरोबर दळायचा, पाण्यात कालवायचा, भांड्याला माखून भट्टीत घालायचा. थोड्याशा आचेत तो विरघळतो आणि मधाच्या रंगाची काच होऊन बसतो. कच्चा असताना विष, पुरता भाजून काच झाला की निर्धोक, असं त्याला मुंबईच्या मास्तरांनी शिकवलं होतं. आमच्या काष्ठौषधीवाल्या म्हाताऱ्यानं पुडा बांधता बांधता एकदा विचारलं, "एवढा शेंदूर कुठल्या देवाला, अण्णा?" मल्लू म्हणाला, "माझा देव भट्टीत बसतो." म्हाताऱ्यानं पुडा त्याच्या हातात न देता फळीवर ठेवला. मी शेजारीच होते, आणि मला मल्लूचं ते बोलणं मुळीच आवडलं नाही. मारुतीच्या अंगाची वस्तू जाळू नये म्हणून माझी मावशी तर पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडत होती. पण ऐकेल तो मल्लू कसला. कालवलेली झिलई नीट झाली की नाही हे तो जिभेनं बघायचा. बोट बुडवायचं, जिभेला टेकवायचं. सायीसारखी बसली तर ठीक, रवाळ लागली तर पुन्हा पाट्यावर. मी रागावले की थुंकून दाखवायचा आणि म्हणायचा, "काय गोड लागतंय अक्का, बघ की." ती गोडी माझ्या डोक्यातून आता जात नाही.

भट्टी त्यानं स्वतः बांधली होती, विटांची, माणूस वाकून आत जाईल एवढी, वर कमान. प्रत्येक भाजणीनंतर ती निवली की आत शिरून तो एकेक वीट बोटाच्या पेरानं वाजवायचा. टणक आवाज आला तर पुढची, बद्द आला तर खडूची खूण. पूर्वेच्या अंगाला कमानीत एक तडा होता. माती, भुसा आणि मीठ कालवून तो बुजवायचा, आणि पुढच्या भाजणीला तडा पुन्हा तिथंच हजर. कमान उतरवून नव्यानं रचायला हवी हे त्याला कळत होतं. पण कधी लगीनसराई असायची, कधी गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली असायची, आणि तो म्हणायचा, "या खेपंला निभंल." तड्यातून बाहेरची थंड हवा आत जायची. त्या बाजूच्या बरण्यांना आच कमी लागायची, पण चकचकीत त्याही तेवढ्याच दिसायच्या, म्हणून कुणी त्यांचा वेगळा विचार केला नाही.

नीला अक्कलकोटकडची. लग्नानंतर वर्षभरात तिला दिवस राहिले आणि डोहाळे लागले ते आंबटाचे. मल्लूनं तिच्यासाठी मुद्दाम एक बरणी केली. झाकणाची दोरी अडकावी म्हणून गळ्याशी अंगठा दाबून एक खळगा ठेवला. पुढं तो खळगा त्याच्या सगळ्या बरण्यांवर आला. त्या पहिल्या बरणीत मावशीनं कच्च्या चिंचेचा ठेचा भरला. काही दिवसांनी नीला चाटण घेता घेता थांबली आणि सासूला म्हणाली, "आत्या, चिंच गोड झाली की." शेजारणी येऊन चाखून गेल्या. खरंच आंबटपणा मोडला होता, मागं एक गोडसर चव राहायची. पोटुशीच्या घरात चिंच गोडावते म्हणजे शकुनच म्हणायचा, बायका तसं म्हणाल्याही, आणि बघता बघता गावात झालं की अण्णांची बरणी पोटुशीला लाभते. लेकी-सुनांसाठी लोक ती मागून नेऊ लागले. जत्रेला आलेली माढ्याची, मोडनिंबची माणसं गवतात गुंडाळून बरण्या घेऊन गेली. मल्लू हरखून गेला होता. नीलाचं पोर सातव्या महिन्यात गेलं.

दृष्ट लागली, असं लोक म्हणाले. मारुती कोपला, असं मावशी म्हणाली. आज वाटतं, म्हातारीचं कारण चुकलं, पण बोट बरोबर शेंदरावर होतं. पुढल्या खेपेला कुणीतरी सांगितलं की डोहाळे पुरे झाले नव्हते म्हणून पोर राहिलं नाही, आणि मग नीलाला ठेचा आणखी आग्रहानं चारला गेला. तेही पोर गेलं. मल्लू तोवर स्वतः आजारी दिसू लागला होता. पोटात पीळ पडायचा, तोंडाची चव गेलेली, हिरड्यांवर निळसर रेघ. उजवं मनगट वर उचलेना. चाकावर माती ओढताना तो कोपरानं रेटायचा. डॉक्टरांना दाखव म्हटलं तर म्हणायचा, "भट्टीफुडं वाकून वाकून अंग धरलंय, दुसरं काय न्हाय." खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मग चिंचेच्या दिवसांत एका दुपारी त्यानं मला बोलावणं धाडलं. मी गेले तर हा अंगणात उन्हात बसलेला, पुढ्यात नीलाची बरणी. नवा ठेचा भरायला म्हणून ती खाली काढली होती. "आत बोट फिरव अक्का," तो म्हणाला. बाहेरून बरणी आरशासारखी होती आणि आतून खरखरीत, चुन्याच्या भिंतीसारखी पांढरट. "चकाकी कुटं गेली?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, घासून गेली असेल. "या गळ्यातनं घासायला हात कुणाचा जातो?" बरणीच्या तळाशी जुना ठेचा थोडा चिकटून होता. त्यानं तो बोटावर घेतला, जिभेला लावला आणि डोळे मिटले. नीला दारात उभी होती. मल्लूचा चेहरा मी लहानपणापासून पाहिलेला, पण तो चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. "ही गोडी मला ठावं हाय, अक्का," तो हळू म्हणाला. "ही चिंचंची न्हवं. माझ्या कालवणाची हाय." ... तड्याच्या बाजूला अर्धवट भाजलेली झिलई चिंचेच्या आंबटानं खाल्ली होती, आणि ती त्यानं हौसेनं केलेल्या बरणीतून नीलाच्या पोटात गेली होती. तिला ते समजायला एक क्षण लागला. मग ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर हिंडू लागला. बरणी परत द्या, फोडायची आहे. लोकांना वाटलं, पोरं गेल्यानं याच्या डोक्यावर परिणाम झाला. एका विणकराच्या बायकोनं तेलुगूत त्याला बरंच काही सुनावलं आणि लाभाची बरणी पदराखाली धरून आत निघून गेली. तिच्या दाराशी तो तीन दिवस जाऊन बसला तेव्हा कुठं ती मिळाली. मी त्याच्याबरोबर हिंडले. मास्तरीणबाई सांगतात म्हणून काहींनी दिल्या, काहींनी माझ्यासमोर मान हलवली आणि दिल्या नाहीत. भट्टीमागे खापरांचा ढीग वाढत गेला. उन्हात तो इतका सुंदर चमकायचा की मला त्याचा राग यायचा.

शेंदूर सोडायचा तर झिलई राखेची करावी लागणार होती, बाभळीची राख आणि गारगोटी. ती विरघळायला आच फार मोठी लागते, आणि तेवढी आच ती कमान सोसणार नाही, हे तो जाणून होता. म्हणून त्यानं अखेर ती उतरवली. मनगटं लोंबत होती. विटा दोन्ही कोपरांत धरून तो नीलाच्या भावाला देत होता. नवी कमान रचली. पहिल्या भाजणीत झिलई वितळलीच नाही, दुसरीत ओघळून बरण्या खालच्या विटांना चिकटल्या. नीलाला पुन्हा दिवस गेल्याचं मला त्याच सुमाराला कळलं, आणि तो विश्रांती का घेत नाही हे विचारायचं मी सोडून दिलं. शेवटच्या भाजणीला त्यानं एवढी लाकडं घातली की विटा घामेजल्यासारख्या दिसायला लागल्या. भट्टी निवता निवता कमान खाली आली. ढिगाऱ्यातून एकच बरणी धड निघाली. राखाडी-हिरवी, एका अंगाला कलती, रूपानं अगदी गबाळी. गळ्याशी खळगा होता, पण तो अंगठ्याचा नव्हता. अंगठ्यात जोर उरला नव्हता म्हणून त्यानं कोपर टेकवलं होतं.

आमची शेवटची भेट त्यानंतरची. त्यानं त्या बरणीत चिंच भरून ठेवली होती आणि दिवसभर तिच्याकडे बघत पडून असायचा. त्याला स्वतःला चव कळत नव्हती. "तू बघ की अक्का," तो म्हणाला. मी चाखलं. दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं. माझं वाकडं झालेलं तोंड बघून तो कितीतरी दिवसांनी हसला. "लई आंबट?" "लई," मी म्हटलं. तो भिंतीकडे वळला आणि झोपला.

हे सगळं वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहायचं कारण मल्लूची थोरवी सांगणं हे नाही. त्याच्या सगळ्याच बरण्या परत आलेल्या नाहीत. जत्रेतून गेलेल्यांचा तर पत्ताच नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी, कुणाच्या माहेरी, मधाच्या रंगाची आणि गळ्याशी अंगठ्याचा खळगा असलेली बरणी असेल, आणि तिच्यातलं आंबट गोड लागत असेल, तर कृपा करून ती फोडून टाका. फार देखणी आहे, हात धजणार नाही, पण फोडा. घरात कुणी पोटुशी असेल तर हे वाचून होण्याआधी उठा.

नीलाला आता सातवा लागला आहे. शाळेत जाताना मी रोज सकाळी तिच्याकडे डोकावते. ती मला बघून उठते. फळीवरून ती कलती बरणी काढते, झाकण उघडते, बोटावर थोडीशी चिंच घेते आणि जिभेला लावते, मल्लू लावायचा अगदी तशी. मी उंबऱ्यातच उभी राहते, चपला पायांतच असतात. तिचे डोळे मिटतात, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहते. मग तिचं तोंड वाकडं होतं.

"आंबट हाय, अक्का," ती म्हणते, आणि मी शाळेची वाट धरते.