नानाच्या बॅटची राख

नाना गेल्याची बातमी मला भास्करभावजींनी आणून दिली. सगळ्या धुळ्यात दुसरं माणूस नव्हतं का हो? पण आमच्या गल्लीत टेलिफोन तेवढा त्यांच्याच मोटार पार्टच्या दुकानात, त्यामुळे बोदवडहून फोन आला तोही तिथेच. एप्रिलची भर दुपार होती, मी ओट्यावर मिरच्या वाळत घालत होते. भावजी आले, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, झुपकेदार मिशीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, बोदवडथीन फोन उना... नाना गयात." हार्ट अटॅक. पन्नाशीही गाठली नव्हती माझ्या भावानं. लोक म्हणतात अशा वेळी माणूस सुन्न होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. मला तसलं काही झालं नाही. मी त्या मिशीकडे बघत राहिले आणि मनात एकच आलं... सुटला मेला मिशीवाला! आता याला मॅच खेळायला नको.

हे वाचून कुणाला वाटेल, बाईला सख्ख्या भावाच्या मरणात मॅच कसली सुचते? म्हणून पहिल्यापासून सांगते. नाना माझ्या पाठचा. बोदवडला जिनिंगमध्ये नोकरी, पण जीव सगळा क्रिकेटमध्ये. कानाला ट्रान्झिस्टर लावलेला, आणि तोंडात जगातल्या कुठल्या तरी टीमची कहाणी. आई भाकऱ्या थापता थापता ऐकायची. वेस्ट इंडीज नावाचा देशच नाही, ती वेगवेगळी बेटं आहेत, प्रत्येकाचा झेंडा निराळा, एरवी एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, पण क्रिकेटपुरती एक होतात, हे आमच्या निरक्षर आईला पक्कं ठाऊक होतं. एवढी काळी माणसं खेळायची, पण कप्तान वर्षानुवर्षं गोराच नेमायचे, हे ऐकून आई म्हणाली होती, "मंग हारतीनच ना बापा!" नानानं आपली टीमही तशीच जमवली होती. दोघे बोदवडचे, कुणी वरणगावचा, कुणी दीपनगरच्या वीज कॉलनीतला, एक कुऱ्ह्याचा. गावोगावची बेटं गोळा केलेली म्हणून लोक त्यांना 'बोदवडचे विंडीज' म्हणायचे, आणि नाना त्यावर फुगून जायचा.

त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट बदल्याची होती. इंग्लंडचा एक गोरा कप्तान मालिकेआधी बोलून बसला की या विंडीजवाल्यांना आम्ही लोटांगण घालायला लावू. झालं! त्यांच्या फास्ट बॉलरांनी उन्हाळाभर असं काही फोडून काढलं, की शेवटच्या मॅचला तोच कप्तान भर मैदानात प्रेक्षकांसमोर गुडघ्यांवर रांगला. हसत रांगला म्हणे, पण रांगला. नाना स्वतः अंगणात रांगून दाखवायचा, आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. आपण वर्ल्डकप जिंकलो तेव्हा हाच नाना बोदवडच्या चौकात गुलाल उधळून नाचला. मग त्याच साली दिवाळीच्या सुमाराला विंडीज आपल्याकडे आले आणि एकसुद्धा वनडे आपल्याला जिंकू दिली नाही. आम्ही सगळे तोंड पाडून बसलो, आणि नाना गंभीर होऊन म्हणाला, "अक्का, क्रिकेटमधी बदला राहून जात नाही. वेळ लागते, पण येते."

त्याच हिवाळ्यात त्याची टीम धुळ्याला फायनल खेळायला आली. समोर धुळ्याची टीम, कप्तान आमचे भास्करभावजी, म्हणजे माझ्या यजमानांचे मावसभाऊ. एसटीच्या टपावर किट टाकून ही पोरं आली, आणि मी पहाटे उठून भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा असं सगळ्यांचं जेवण बांधून मैदानावर गेले. आमच्याकडची काळी माती, तिला भेगा पडतात, म्हणून खेळपट्टीवर काथ्याची मॅट अंथरायची आणि चहूबाजूंनी लोखंडी खिळे ठोकून ती ताणायची. मॅट ढिली पडली की चेंडू उसळत नाही, सापासारखा जमिनीलगत सरपटतो. म्हणून रीत अशी की डाव बदलताना यजमान टीमनं मॅट पुन्हा ताणायची आणि पाहुण्या कप्तानानं तिच्यावरून अनवाणी चालून बघायचं. खिळा सैल असेल तर तळपायाला बरोबर कळतं.

त्या दिवशी धुळ्याची बॅटिंग आधी झाली. फार काही झाल्या नव्हत्या धावा. मग दोन्ही टीमा लिंबाखाली जेवायला बसल्या, आणि नाना रंगात आला. त्यानं ॲशेसची कहाणी सांगितली. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंड आपल्याच घरी ऑस्ट्रेलियाकडून हरलं, तेव्हा लंडनच्या एका पेपरनं थट्टेनं मृत्यूची बातमी छापली की इंग्लंडचं क्रिकेट वारलं, दहन होईल आणि राख ऑस्ट्रेलियाला नेतील. मग पुढच्या दौऱ्यात तिकडच्या बायकांनी खरंच चिमूटभर राख एका इवल्याशा कुपीत घालून इंग्लंडच्या कप्तानाला दिली, आणि त्या कुपीसाठी दोन देश अजून भांडतात. भास्करभावजी भाकरी मोडायची थांबवून ऐकत होते. मला आपलं बरं वाटलं, माहेरच्या माणसाचं सासरी कौतुक होतंय. माझं मेलीचं डोकं!

जेवण झालं, भावजींची माणसं मॅट ताणून आली. वरणगावच्या पोरानं नानाला सांगितलं, "चालून पहा एकदा." नानानं बूट काढायला हात घातला आणि परत घेतला. मी तिथेच डबे आवरत होते, माझ्या कानांनी ऐकलंय. तो म्हणाला, "बहिणीच्या सासरची मानसं हायेत. त्याह्यची मॅट तपासू? बरं दिसते का ते?" ...आणि बॅट घेऊन तसाच आत गेला. दुसऱ्याच षटकात चेंडू सरपटत आला आणि नानाचा मधला स्टंप घेऊन गेला. त्याच्यामागोमाग सगळी बेटं बुडाली. एका बाजूचे खिळे उपटून नुसते भोकात ठेवून दिले होते, हे मला पुढच्या दिवाळीला कळलं. कुणी सांगितलं? खुद्द भास्करभावजींनी! माझ्या घरात, माझ्या हातची शंकरपाळी खाता खाता, मांडीवर थाप मारून.

पण हरण्याचं मला काही नाही. हार-जीत चालायचीच. पुढे जे केलं त्याला माफी नाही. भावजी मैदानाच्या मधोमध उभे राहून ओरडले, "आज बोदवडनं क्रिकेट मरी गयं!" नानाची बॅट ओढून घेतली, स्टंपांची तिरडी बांधली, तिच्यावर बॅट निजवली, वर झेंडूची माळ. एकाला पुढे मडकं धरून चालवलं. 'राम बोलो' म्हणत मैदानाला फेरी घातली. आधीच्याच श्रावणात आमचे वडील गेले होते. असंच मडकं धरून नाना पुढे चालला होता, आणि त्या अंत्ययात्रेला भास्करभावजी स्वतः हजर होते. बॅट वडिलांनीच घेऊन दिलेली. आई घरच्या जवसाचं तेल काढून आणायची, आणि नाना दर आठवड्याला ते बॅटला पाजायचा. वर्षानुवर्षं तेल प्यालेलं लाकूड ते, काडी लागताच भडाभडा पेटलं. राख एका पितळी लोट्यात भरली. भावजी म्हणाले, "जिंकशात तं लई जाज्यात!" जिंकाल तर घेऊन जा म्हणे. लोक हसले. नानाही हसला. मी पुढे व्हायला निघाले तर त्यानं माझं मनगट धरलं. "अक्का, तू काही बोलू नको. तुले तठीच नांदनं हाये."

नांदले. तो लोटा भावजींनी दुकानाच्या काचेच्या कपाटात ठेवला, बेअरिंग आणि ब्रेकच्या डब्यांच्या वर, खाली चिठ्ठी, 'बोदवडचे क्रिकेट'. बाजाराला जायचा माझा रस्ता तोच. जाता येता, पिशवीत भाजी असो की लेकराचं औषध, तो लोटा मला दिसायचा. नाना दर वर्षी निरोप पाठवायचा, मॅच ठेवा, आम्ही धुळ्याला येतो, तुमच्याच मॅटवर खेळतो. आणि भावजींचं दर वर्षी एकच उत्तर, "या साल जमाव नही, पुढला साल दखसूत." या वर्षी जमायचं नाही, पुढच्या वर्षी बघू. कधी पाऊस कमी, कधी लग्नसराई, कधी मैदानावर सर्कस उतरलेली. तिकडे जगातल्या टीमा कुठल्या कुठे गेल्या. दक्षिण आफ्रिकेला इतकी वर्षं वाळीत टाकलेलं, ती परत आली तर पहिली मॅच खेळायला आपल्याकडेच आली. नाना म्हणाला, "पाह्य अक्का, आफ्रिकेचा वनवास संपला, आमचा संपत नाही." त्याचे गुडघे गेले, टीममधली पोरं बाप झाली. तो मात्र रोज संध्याकाळी नव्या पोरांना मॅटवर अनवाणी चालायला शिकवायचा. बॅट धरायच्या आधी ते.

त्याचा शेवटचा वर्ल्डकप. पुण्याला केनियानं विंडीजला हरवलं त्या दिवशी नाना जेवला नाही. त्याची बायको सांगत होती, ताटावरून उठला आणि मारुतीच्या पारावर जाऊन बसला. पण श्रीलंकेनं कप घेतला आणि गडी पुन्हा खुलला. ऑस्ट्रेलियानं श्रीलंकेत जाऊन खेळायला नकार दिला होता, आणि फायनलला गाठ त्यांच्याशीच पडली! दुसऱ्या दिवशी नानानं मुद्दाम दुकानात फोन करून मला बोलावून घेतलं. "अक्का, जे खेळाले येत नाहीत, त्याह्यले हारवता येते. फक्त एकदा समोर आले पाहिजेत." मी बोलत होते तेव्हा लोटा माझ्या डोक्यावरच होता, कपाटात. ते आमचं शेवटचं बोलणं.

दहावा चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर केला. बायांनी दहाव्याला नदीवर जायची आमच्यात रीत नाही. मी गेले. भास्करभावजीही आले होते, पांढरेशुभ्र कपडे, सगळ्यांना सांगत होते की नाना मोठा खिलाडू माणूस, हार कशी पचवावी ते त्याच्याकडून शिकावं. नानाच्या मुलानं पिंड ठेवले. कावळा येईना. आता त्या उन्हात कावळे कुठून यायचे, सगळे पलीकडच्या बाभळीत चोची वासून बसलेले. पण माणसं घाबरली. कुणी म्हणालं, पोरांची शिक्षणं करू. कुणी म्हणालं, आईला सांभाळू. कावळा ढिम्म. तेव्हा मी उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कावळा कसा शिवेल? त्याची राख धुळ्याला कपाटात कोंडून ठेवलीय. विचारा पाहुण्यांना."

सगळं बोदवड भावजींकडे बघायला लागलं. आमच्या भावकीतले वडीलधारे आबा, नव्वदीचे, काठी टेकत पुढे आले. "काय हो पाव्हणे, खरं हाये?"

"आबा, गंमत व्हती ती..."

"तिरडी बांधली होती?"

"हो."

"मडकं धरलं होतं? अग्नी कोनं देला?"

भावजींनी घाम पुसला. "मी."

"मंग सुतक कोन पाळीन? दहावा राह्यला तुमचा. बसा."

न्हावी तिथेच होता, वस्तरा पाण्यात बुडवून. भावजींनी माझ्या यजमानांकडे पाहिलं. हा माणूस जन्मात कधी नातेवाइकांपुढे चकार शब्द बोलला नाही. ते म्हणाले, "बस, भास्कर." आणि भास्करभावजी गुडघे मोडून वाळूत बसले. आधी डोकं झालं. मग मिशी. ती मिशी, जिच्यावरून हात फिरवत त्यांनी मला नाना गेल्याचं सांगितलं होतं, ती चांगदेवच्या वाळूत पडली. कावळा शिवला. त्याच्या आधी की नंतर ते मला विचारू नका, मी पिंडाकडे बघतच नव्हते. मला फक्त एवढंच वाटत होतं की नाना, तू हे बघायला हवं होतंस रे. तू अंगणात रांगून दाखवायचास ना, तसंच...

लोटा आता माझ्या घरी आहे. भावजींनी स्वतः आणून दिला, डोक्याला रुमाल बांधून. सगळे सांगतात, अक्का, नदीत सोडा, नाना मोकळा होईल. नाना मोकळाच होता, बांधलेली मी होते. इंग्लंडवाल्यांनी ती कुपी कित्येक वर्षं लंडनला ठेवलीय, कुणीही जिंको, जागची हलवत नाहीत. मीही हलवणार नाही. बैठकीत भावजी ज्या खुर्चीवर बसतात, तिच्या बरोबर समोरच्या फळीवर तो ठेवलाय. दर सोमवारी चिंच लावून घासते, आतल्या राखेला हात लावत नाही.

परवा भावजी आले होते. मिशी पुन्हा फुटायला लागलीय, हात मात्र फिरवत नाहीत. चहा घेतला, लोट्याकडे बघणं टाळलं, आणि खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, नानाना नावनी मॅच ठेवूत. बोदवडन्या पोरेसले बलावूत, लोटासाठे खेळूत." इतकी वर्षं माझा भाऊ ज्या शब्दांची वाट बघत होता, ते हेच शब्द. तो असता तर टपावर बसून आला असता. मी कप उचलला, बशी पुसली आणि त्यांच्याच बोलीत सांगितलं, "या साल जमाव नही, भावजी. पुढला साल दखसूत."