खाऱ्या पाण्यात टांगलेली वाटी

माझी शाळा चौथीत सुटली, पण लोखंड म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. उभा जन्म मी बोटी बांधल्या. चुकीचा खिळा मारला की आधी खिळा गंजतो, मग भोवतालचं लाकूड काळं पडतं आणि एक दिवस चांगली फळी सुटते. म्हणून रत्नागिरीच्या डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं, "आजींच्या गुडघ्याची वाटी बदलावी लागेल, धातूची बसवू," तेव्हा मी सरळ नाही म्हटलं.

"माणसाचं रक्त खारट, घाम खारट. खाऱ्यात लोखंड टिकत नाय."

बायको बाजूच्या खुर्चीत होती. जन्मभर तिने मासे विकले. बोटी लागल्या की धक्क्यावर लिलावात भाव पाडून माल घ्यायला तिचा आवाज सगळ्यांच्या वर. दोन पावसाळे झाले, घरापासून धक्क्यापर्यंतही तिला चालवत नव्हतं. तिला दुसरं काही नको होतं, तेवढं चालायला हवं होतं.

ती म्हणाली, "अवो, तुमच्या डोळ्यात भिंग घातलंय ते काय देवानं दिलेलं? तुम्हाला प्लॅस्टिक चालतं नि मला धातू नाय?"

"प्लॅस्टिक गंजत नाय गो."

डॉक्टर हसले. टेबलावरचा नमुना त्यांनी माझ्या हातात दिला. मला वाटलं होतं, आमटीची असते तशी वाटी असेल. ती निघाली मांडीच्या हाडाच्या टोकावर बसवायची टोपी.

"आजोबा, हे लोखंड नाही. कोबाल्ट आणि क्रोमियमचं मिश्रण आहे. खालच्या हाडावर टायटॅनियमची ताटली, मध्ये घट्ट प्लॅस्टिकची गादी. शरीरात वर्षानुवर्षं राहायचं आणि शरीराला खुपायचं नाही, असाच माल लागतो. आतल्या टाक्यांचा दोराही असाच शरीराला न खुपणारा, फक्त त्याचं काम विरघळायचं."

विरघळणारा दोरा मला पटला. काम झाल्यावर निघून जाणारा दोरा आणि पाहुणा, दोन्ही चांगले. टोपी मात्र पटली नाही.

"हा तुकडा द्या. तपासून बघतो."

"कुठे तपासणार?"

"समुद्रात."

नारळी पौर्णिमेला लोकांनी नारळ सोडले. मी नायलॉनच्या दोरीला ती टोपी बांधली आणि धक्क्याच्या खांबाला लोखंडी कडी होती, तिच्यातून पाण्यात सोडली. दसऱ्यापर्यंत कोणी विचारायचं नाही, असं घरात बजावलं. बायको भिंत धरून न्हाणीत जायची आणि तिथून ओरडायची, "मलाच टांगा तिच्या बाजूला! निदान धक्क्यावर तरी पोचेन."

गणपती बोळवायला सगळं घर खाडीवर निघालं. ती ओट्यावर बसली. मी म्हटलं, खुर्चीतून नेतो. तिने माझा हात बाजूला सारला. "देवाला उचलून नेतात. मी अजून जिवंत आहे." परत आलो तेव्हा ती तिथेच होती, मांडीवर आरतीचं रिकामं ताट.

दुसऱ्या दिवशी मी टोपी वर काढली. ओहोटी चांगली होती म्हणून काढली, असं घरी सांगितलं.

दोरी शेवाळली होती. टोपीवर बारीक शिंपल्या धरल्या होत्या. वरची गुळगुळीत बाजू अंगठ्याने पुसली तर लख्ख. आतल्या खडबडीत बाजूच्या शिंपल्या मात्र नखाने निघेनात. गंज औषधालाही नव्हता.

तशीच ती डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी आधी नाक धरलं. मग म्हणाले, "ही बाजू मुद्दाम खडबडीत ठेवतात. काही प्रकारांत हाडच हळूहळू तिच्यात वाढतं आणि धरून बसतं. आजींना आपण सिमेंटनं बसवू."

"बोटीच्या बुडाला कालवं धरतात तसं?"

"तसंच समजा."

"मग करा."

"आली बाई पसंत," बायको म्हणाली. "मला बघायला आले तेव्हा पण एवढा वेळ लावला नव्हता."

थंडी सरता सरता ती काठी टेकत धक्क्यावर गेली. मी मागे चार पावलं, तिने तसंच सांगितलं होतं. लिलाव चालू होता. कोणीतरी ओरडलं, "आली गो आली, आता भाव पडला!" ती खूश. दम घ्यायला तिने नेमका तोच खांब धरला. कडीचा गंज तिच्या तळव्याला लागला. तळवा तिने माझ्यासमोर धरला.

"बघा. कडी गंजली. मी नाय."

"तपासून घेतलं म्हणून," मी म्हटलं आणि खाली पडलेली तिची काठी उचलायला वाकलो. माझा गुडघा कडकन वाजला. लिलावाच्या त्या गलक्यातही तिला ऐकू गेलं.

"दोरी ठेवलीय ना घरात?" ती म्हणाली.