टाकी किती?

देवावर विश्वास नसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण स्वतःच्या हातावर विश्वास नसलेला माणूस एकच, आणि तो माझा साडू. चहाचा पहिला घोट घेण्याआधी तो कपात थर्मामीटर बुडवायचा. मुलीच्या कपाळावर हात ठेवून "ताप आहे" म्हणणाऱ्या बायकोला तो शांतपणे सांगायचा, "हात हे इन्स्ट्रुमेंट नाही." शारजाच्या हमरिया भागातल्या एका कारखान्यात बॉयलरची तापमानं सांभाळण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. जे मोजलं नाही ते घडलंच नाही, अशी त्याची श्रद्धा होती.

शारजात आम्ही एकाच इमारतीत राहायचो, तो वर, आम्ही खाली. तिथला उन्हाळ्याचा न्याय उलटा. गच्चीवरची टाकी उन्हाने अशी तापते की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. मग सगळे जण गीझर बंद करून टाकतात. त्यात साठलेलं पाणी घरातल्या एसीने निवतं आणि आंघोळ गरम पाण्याच्या नळावर होते. हे तिथे कोणाला शिकवावं लागत नाही.

मंदी आली, कारखान्याला टाळं लागलं आणि साडू घरी बसला. व्हिसाची मुदत संपण्याआधी नोकरी मिळाली नाही तर बिऱ्हाड गुंडाळून पुणं गाठायचं, हे उघड होतं. अर्ज पाठवून झाले की त्याचे हात शिवशिवायचे. मोजायला दुसरं काही उरलं नाही म्हणून त्याने घरचं पाणी मोजायला घेतलं. एक सेन्सर टाकीत, एक गीझरला, वायर एसीच्या पाइपाबरोबर खाली आणि न्हाणीघराच्या दारावर मुलीच्या जुन्या गुलाबी डब्यात बसवलेले आकडे. हिरवा दिवा असेल तर आंघोळ, लाल असेल तर थांबायचं. मुलगी वैतागून म्हणायची, "बाबा, इट्स जस्ट वॉटर." पण खरं सांगतो, आमच्या घरचेही वर जाऊन दिवा बघूनच आंघोळीला शिरायचे.

अखेर दुबईहून मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या दिवशी सकाळी दिवा लाल. गीझरचा आकडा बघता बघता पन्नास, पंचावन्न, साठ. गीझर बंद असताना हे व्हावं कसं? जन्मात पहिल्यांदा साडूला यंत्राची शंका आली. बनियन आणि पंचा अशा वेषात तो गच्चीवर टाकी तपासायला गेला आणि घामाने निथळत परत आला. दाराशी आमच्या सामाईक सासूबाई उभ्या होत्या, लेकीला धीर द्यायला सांगलीहून आलेल्या. त्यांनी मायेने विचारलं, "अजून कढत झालं नाही का? जावईबापू मुलाखतीला जायचेत म्हणून पहाटेच बटण दाबून ठेवलंय."

साडू फ्रिजमधल्या बाटल्या अंगावर ओतून निघाला. पोचला तेव्हा कळलं, ती जागाच गोठवली आहे. त्या दिवशी सगळ्या अमिरातीत गार झालेली तेवढी एकच गोष्ट असावी. घरी आल्यावर तो सासूबाईंना एवढंच म्हणाला, "आई, यंत्र बरोबर होतं." मला वाटतं, नोकरी गेल्याच्या दुःखात त्याला तेवढाच आधार होता.

पुण्याला जाताना गुलाबी डबा त्याने आमच्या न्हाणीघराच्या दारावर बसवून दिला. "मी नसलो तरी रीडिंग चालू राहायला हवं," म्हणाला. पुढच्याच उन्हाळ्यात गच्चीवरची वायर वितळली आणि आकडे गेले. पुण्यात त्याला काम मिळालं, पण मोजण्याचं नव्हे, माल विकण्याचं. शुक्रवारी सकाळी त्याचा फोन येतो, आणि माझी, माझ्या बायकोची, कोणाचीही चौकशी करण्याआधी तो विचारतो, "टाकी किती?"

मी फोन कानाला लावून न्हाणीघरात जातो, गार पाण्याचा नळ सोडतो आणि त्याखाली हात धरतो. चटका बसतो. "सत्तेचाळीस," मी म्हणतो.

"बघ," तो पलीकडून खुशीत म्हणतो, "अजून करेक्ट दाखवतंय."