बोडका नारळ

अंजनी डोंगर चढताना बोलत नसे. लहानपणी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन हाच डोंगर उतरलेली ती बाई. बोललं की दम जातो, हे तिला सहाव्या वर्षीच कळलं होतं. लग्न होऊन ती बदलापुरात हेंद्रेपाड्याला आली, अंबरनाथच्या कारखान्यात सव्वीस वर्षं बाटल्यांना लेबलं लावली, नवरा गेला, मुलाचं लग्न केलं. पण माघात एकदा माहेरच्या डोंगरावर जाऊन वाघोबाला नारळ द्यायचा, हे तिनं कधी चुकवलं नाही.

यंदा तिचा गुडघा सुजला आणि मुलाला, सुजितला, आयतं निमित्त मिळालं.

"आई, वाटेत बसलीस तर हे शेवटचं. पुढच्या वर्षापासून खालूनच नमस्कार. कबूल?"

"कबूल." म्हणायला काय जातं! पण त्या दिवसापासून सगळे कामावर गेले की बाई इमारतीचा जिना दोनदा चढून-उतरून बघायची.

रविवारी सकाळी गाडी पायथ्याच्या पाड्यात लावली. डोंगर काही मोठा नव्हे, पाऊण तासाचा. गवत वाळून पिवळं पडलेलं, खाली शेतांत भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचे काळे चौकोन. नात तेजल पुढे पळत होती, सून कीर्ती पिशवी घेऊन तिच्यामागे, आणि सुजित दर वळणाला मागे बघत होता, आई कधी बसते ते.

शेवटच्या कातळापाशी बसला तो सुजितच.

"दोन मिनिटं गं..."

"बस की. तुला कुणी अट घातलीय?" त्याला ओलांडून अंजनी वर गेली.

वाघोबाचा शेंदरी दगड तिनं पदरानं पुसला, फुलं वाहिली, हात मागे केला. कीर्तीनं त्यावर नारळ ठेवला. तुळतुळीत. शेंडीचा पत्ता नाही.

"हे काय गं?"

"नारळ. ॲपवरून मागवला, साफ केलेला."

"अगं बाई, हा चटणीचा! देवाला शेंडीचा लागतो. बोडका नारळ ठेवतात होय?"

"मला काय माहीत, आई? आमच्या घरी हे सगळं बाबाच आणायचे."

तोवर धापा टाकत सुजित पोचला. "ठेव गं तोच. वाघोबा काय शेंडी तपासतोय?"

अंजनीचा गुडघा ठणकत होता. 'बरं' म्हटलं असतं, तर यंदाचं देणं तरी फिटलं असतं. कोण विचारणार होतं? तिनं नारळ पुन्हा पिशवीत टाकला.

"नाही. देणं राहिलं. परत यावं लागेल."

"परत? अगं पण..."

"येऊ ना," कीर्तीच म्हणाली. "पुढच्या रविवारी. चूक माझी, नारळ मी स्वतः बघून आणते."

"मी पण येणार!" तेजल ओरडली.

सुजितनं कपाळावर हात मारला. "शेवटचं ठरलं होतं ना आपलं?"

"मी बसले तर," अंजनी म्हणाली. "बसलास तू."

बोडका नारळ त्यांनी थोडं खाली येऊन कातळावर फोडला आणि गुळाबरोबर संपवला. उतरणीला मात्र गुडघ्यानं इंगा दाखवला. अंजनी आडवी पावलं टाकू लागली, मग मुकाट्यानं सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. आजवर कुणाचा आधार घेतला नव्हता तिनं.

"रविवारी जरा लवकर निघू," ती म्हणाली. "ऊन चढायच्या आत."