चंदनाच्या हारातला फोटो

चाळीस वर्षं मी सिनेमाच्या पडद्यासाठी भुतं उभी केली. म्हणजे भुतांचं सामान... करकरणारा झोपाळा, आपोआप थांबणारं घड्याळ, कोळ्यांची जाळी. जाळी कशाची करतात हे माहीत असलेला माणूस भुतावर काय विश्वास ठेवणार? लोकांनी लिहिलेले भुताचे अनुभव मी वाचायचो आणि हसून पान उलटायचो. आज स्वतः लिहायला बसलोय ते कुणाला घाबरवायला नाही. माझा भाचा चार वर्षं विनाकारण स्वतःला दोष लावून घेतोय आणि खरं काय ते फक्त मला माहीत आहे. माझं वय एकाहत्तर. आता आणखी थांबण्यात अर्थ नाही.

मी भाईंदर पश्चिमेला राहतो. माझी मोठी बहीण, आक्का, मीरा रोडला पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये एकटी राहायची. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा निलेश नोकरीसाठी पुण्यात. आक्काला मान खूप आणि जीभ त्याहून तिखट. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या सासरच्यांसमोर ती सहज म्हणाली, "आमच्या वसंताने जन्मभर खोट्या वस्तू मांडल्या. खरं असं त्याच्या हातून एकच झालं, ही मुलगी." सगळे हसले. मीही हसलो. पण ते मला लागलं होतं, हे आज कबूल करतो.

त्यानंतर आठवड्याभरातच एका छोट्या सिनेमाचं काम आलं. भुताच्या सिनेमांची टर उडवणारा विनोदी सिनेमा. काशीमीऱ्याला हायवेच्या आत, गोदामांच्या मागे एक रिकामा बंगला होता, तिथे चार दिवस शूटिंग. सगळे प्रसंग रात्रीचे, पण आम्ही शूट करायचो दिवसा... खिडक्यांना काळं कापड लावून. आत अमावस्या आणि बाहेर भर दुपारी ट्रकचे हॉर्न. साऊंडवाला दर दहा मिनिटांनी कपाळाला हात लावायचा.

गोष्टीतलं भूत म्हणजे एक काकू. मेल्यावरही तिची चहात साखर कमी पडल्याची तक्रार चालू असते. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो, आणि हीरो समोरून गेला की फोटोतला चेहरा बदलतो, असा विनोद होता. चेहरा नंतर कॉम्प्युटरवर बदलणार होते. मला फक्त एक साधा हसरा फोटो लावायचा होता.

काकूचं काम करणाऱ्या बाईंनी स्वतःचा फोटो द्यायला साफ नकार दिला.

"भूत व्हायला माझी हरकत नाही हो दादा," त्या म्हणाल्या. "मेलेली व्हायला आहे."

"अहो, पण भूत म्हणजे मेलेलीच ना?" मी म्हटलं.

"भुताला मेकअप असतो, तो रात्री पुसता येतो. हार माझ्या खऱ्या चेहऱ्याला पडणार."

यावर मेकअपचे राघूदादा, माझ्याच वयाचे, म्हणाले, "बरोबर आहे बाईंचं." आमच्या लाईनमध्ये एक रीत आहे. पडद्यावर ज्याचं मरण दाखवलं, त्याला शॉट संपला की कॅमेऱ्यात बघून हसायला लावतात. तिरडीवरून उठवून हसवतात. कॅमेऱ्याने मेलेला बघितला, आता जिवंतही बघू दे, एवढाच अर्थ. तो हसरा शॉट सिनेमात वापरत नाहीत, पण घेतात मात्र सगळे.

डायरेक्टर पंचविशीतला, चांगला मुलगा. म्हणाला, "दादा, कुणाचाही लावा. मागे आउट ऑफ फोकस असेल."

कुणाचाही... पण मी आक्काचा लावला. मुलीच्या लग्नातला होता, जांभळ्या साडीतला, हसरा. शेजारी मीच उभा होतो. मला कापून काढलं, तरी तिच्या खांद्यावर माझी चार बोटं राहिलीच. फ्रेम केली, चंदनाच्या सालींचा हार घातला, खाली उदबत्ती लावली आणि मनात म्हटलं, घे आक्का. आता तूही खोट्या वस्तूंत.

पहिल्या दिवशी लंच ब्रेकमध्ये तिचा फोन आला. "वसंता, घरात कुठे काही लावलेलं नाही, तरी सकाळपासून उदबत्तीचा वास येतोय रे."

"शेजारी लावली असेल."

"शेजारच्या शबानाला विचारलं. ती म्हणाली, आंटी, मेरे को तो कुछ नहीं आ रहा."

मी विषय बदलला. खरं सांगतो, तेव्हा मला गंमतच वाटली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंटिन्युइटी बघणारी मुलगी माझ्याकडे आली. मागच्या शॉटमधली प्रत्येक वस्तू पुढच्या शॉटमध्ये तशीच आहे ना, हे बघणं तिचं काम. "काका, फोटो का बदलला? सकाळी काकू हसत होत्या."

"एकच फोटो आहे बाळा."

तिने मला मॉनिटरपाशी नेलं. हीरो फोटोसमोरून जात होता आणि मागे आक्काचं तोंड मिटलेलं होतं. कपाळाला आठी. पायरी चुकल्यावर माणूस क्षणभर गोंधळतो ना, तसे डोळे. मी भिंतीपाशी जाऊन बघितलं... फोटोत ती हसत होती. परत मॉनिटरवर आलो. आठी.

डायरेक्टर खूश. "दादा, दोन-दोन फोटो बनवले? आमचा कॉम्प्युटरचा खर्च वाचवलात."

मी खिशातला फोन काढला. सेटवर तो सायलेंट असतो. आक्काचे सात मिस्ड कॉल होते.

पॅकअप झाल्यावर मी रिक्षा करून पूनम सागरला गेलो. दार उघडायला तिला वेळ लागला. चेहरा उतरलेला. म्हणाली, "दोन दिवस छातीवर कुणीतरी काही घातल्यासारखं वाटतंय. जड नाही, पण काढता येत नाही. आणि हाक मारायला गेले की आवाज निघत नाही. निलेशला सांगितलं, तर म्हणतो, आई, वय झालं, डॉक्टरला दाखव."

"दाखवूया ना."

"दाखवलं. सगळं नॉर्मल आहे म्हणाले."

ती चहा ठेवायला उठली, तेव्हा तिच्या अंबाड्यात काहीतरी अडकलेलं दिसलं. मी हळूच काढलं. चंदनाच्या सालीची गुंडाळी. मीच हारात ओवल्या होत्या, अगदी तशी. मी ती मुठीत धरली.

चहाचा कप माझ्यापुढे ठेवून आक्का समोर बसली. तिने थेट विचारलं, "वसंता, माझा फोटो कुठे लावलायस का रे?"

आता सांगायचं होतं. तिने चार शिव्या दिल्या असत्या, दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर काशीमीऱ्याला आली असती, कॅमेऱ्यासमोर उभी राहून हसली असती. तेवढंच लागणार होतं. पण ते सांगायचं म्हणजे का लावला तेही सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "नाही गं. काहीतरीच."

ती म्हणाली, "तू नाही म्हणतोस ना? मग राहिलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो काढायला गेलो, तर कंटिन्युइटीच्या मुलीने अडवलं. अर्धा सीन त्या भिंतीवर झालेला, फोटो हलवता येणार नव्हता. मी राघूदादांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी थट्टा केली नाही. म्हणाले, "बहिणीला आण. ज्याचं मरण दाखवलं, त्यानेच येऊन हसायचं. दुसऱ्याचं हसू चालत नाही."

"ती विचारेल ना, का लावला म्हणून."

"मग सांग."

त्या संध्याकाळी मी फोन हातात घेऊन बसलो होतो. लावला नाही.

चौथ्या दिवशी फोटोचा शेवटचा शॉट झाला. मॉनिटरवर आक्काचं तोंड उघडं होतं, लांबून कुणाला हाक मारतो तसं. युनिट हसत होतं. मी फोटो उतरवला, हार काढला, फ्रेम छातीशी धरली आणि कॅमेरामनला म्हणालो, "कॅमेरा बंद करू नकोस. हसरा शॉट घे." सगळ्यांना वाटलं, म्हातारा मजा करतोय. मी लेन्समध्ये बघून हसलो. तिच्या वतीने. राघूदादा तेवढे मान खाली घालून उभे होते. कंटिन्युइटीच्या वहीत त्या शॉटची वेळ लिहिली आहे, चार वाजून दहा मिनिटं.

सहा वाजता शबानाचा फोन आला. आंटी दरवाजा नहीं खोल रही.

आक्का खुर्चीत बसलेली होती. समोर चहा, अर्धा प्यालेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, दीड-दोन तास झाले असतील.

निलेश रात्री पोहोचला. दुसऱ्या दिवशी सगळं आटोपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मामा, तिचा एक फोटो हवाय. तुमच्याकडे आहे ना, फ्रेम केलेला?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आईनेच. परवा रात्री फोनवर म्हणाली, मामाकडे माझा चांगला फोटो आहे, चंदनाच्या हारातला. मला वाटलं भ्रमात बोलतेय. मी तिला झोपून राहा म्हणालो, मामा. मीटिंग होती सकाळी. निघालो असतो, तर पोहोचलो असतो."

म्हणजे तिला माहीत होतं. माझ्या 'नाही'ला तिने नुसता मान दिला होता.

मी फ्रेम दिली. तीच आज पूनम सागरच्या हॉलमध्ये आहे. निलेश तिथे राहायला आलाय, आईजवळ कुणी नव्हतं या एका गोष्टीपायी पुण्याची नोकरी सोडून. दर वर्षी तो हार बदलतो आणि दर वर्षी तेच म्हणतो, "निघालो असतो, तर पोहोचलो असतो." आणि मी बाजूला उभा असतो.

गेल्या महिन्यात तो सिनेमा मोबाईलवर आला. शेवटी नावं येतात, तेव्हा बाजूला शूटिंगमधल्या गमती दाखवल्या आहेत. त्यात मी आहे. फ्रेम छातीशी धरून हसणारा म्हातारा. माझ्या हातातल्या फोटोत आक्काचे डोळे मिटलेले आहेत.

मी डायरेक्टरला फोन केला. तो म्हणाला, "दादा, आम्ही त्यात काहीच केलं नाही. आम्हाला वाटलं, तुमच्याकडे तिसरा फोटो होता."

नव्हता. एकच होता. हॉलमधल्या भिंतीवर त्याच फोटोतले डोळे उघडे आहेत, मी परवाच जाऊन बघून आलो. चाळीस वर्षांच्या कामातलं काहीही जोडून बघितलं, तरी ते बसत नाही.

निलेश, तू सिनेमे बघत नाहीस, पण कुणीतरी कधीतरी तुला तो तुकडा दाखवेल. त्याआधी हे वाच. तुला उशीर झाला नव्हता. तिच्यासाठी पुण्याहून कुणी येण्याची गरज नव्हती, भाईंदरहून मी खरं सांगायला यायला हवं होतं. आणि फोटो नीट बघ... तिच्या खांद्यावर चार बोटं आहेत. ती माझी आहेत.